उपग्रहाला वडगाव ठाऊक नसते

प्रश्न : मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी आम्ही पुण्याहून वडगावला निघालो. फोनमध्ये गावाचे नाव घातले, यादीत सर्वांत वर आलेले वडगाव निवडले आणि फोनमधली बाई सांगेल तसे वळत गेलो. मंचरला चहा घेताना टपरीवाल्याने विचारले, “पाव्हणं, कोणचं वडगाव?” तेव्हा उलगडा झाला. आम्हाला जायचे होते शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईला आणि फोन नेत होता आंबेगाव तालुक्यातल्या वडगाव काशिंबेगला. पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती. काही मीटरपर्यंत अचूक जागा सांगणाऱ्या यंत्रणेची एवढी ढोबळ चूक कशी होते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपली पंगत हुकली याचे वाईट वाटते, पण या प्रकरणात उपग्रह निर्दोष आहेत. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह फक्त दोन गोष्टी सांगत असतात : आत्ता किती वाजले आणि मी स्वतः कुठे आहे. निदान चार उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून आपला फोन आपली जागा स्वतःच काढतो, आणि मोकळ्या आकाशाखाली ती साधारण पाच मीटरच्या आत बरोबर येते. म्हणजे आपण मंचरच्या टपरीवर उभे आहात, हे फोनला अगदी नेमके कळले होते. कुठे जायचे आणि कोणत्या रस्त्याने, हा भाग माणसांनी भरलेल्या नकाशाचा आणि त्यावर हिशेब करणाऱ्या प्रणालीचा असतो. तिला आपण नुसते ‘वडगाव’ सांगितलेत.

एकट्या पुणे जिल्ह्यातच वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक अशी कितीतरी वडगावे आहेत. आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक होती, म्हणूनच गावाच्या नावाला देवाचे, घराण्याचे किंवा शेजारच्या मोठ्या गावाचे शेपूट जोडलेले असते आणि एकाच नावाच्या दोन वस्त्यांपैकी थोरली ती बुद्रुक व धाकटी ती खुर्द ठरते. बोलताना आपण ते शेपूट गाळतो, कारण समोरच्याला संदर्भ माहीत असतो. यंत्राला तो नसतो. तेव्हा गावाचे पूर्ण नाव आणि तालुका टाकावा. त्याहून बरे म्हणजे यजमानांकडून ठिकाणाची खूण मागवावी, आणि तीही त्यांनी मांडवात उभे राहून पाठवलेली असावी. शहरातल्या घरी सोफ्यावर बसून पाठवलेली खूण पाहुण्यांना त्या सोफ्यापर्यंतच आणते.

दुसरे असे, की निघण्यापूर्वी संपूर्ण मार्ग एकदा पडद्यावर लहान करून पाहावा. शिरूर नगर रस्त्यावर आहे आणि मंचर नाशिक रस्त्यावर. राजगुरुनगर लागले तेव्हाच गाडीतल्या कुणीतरी “आपण नाशिककडे का चाललो आहोत?” असे विचारायला हवे होते. एका वेळी फक्त पुढचे वळण दाखवणाऱ्या पडद्यामुळे हा प्रश्न कुणाला पडत नाही, हे मला या सोयीचे सर्वांत मोठे नुकसान वाटते. वाटेतले तीन-चार मोठे फाटे कागदावर लिहून घ्यावेत. एखादा फाटा ठरलेल्या क्रमाने आला नाही, तर गाडी तिथेच थांबवावी.

प्रश्न : जुलैमध्ये भोरमार्गे महाडला निघालो होतो. फोनवर वरंध घाटाचा रस्ता मोकळा दिसत होता, प्रत्यक्षात घाट बंद होता. अंधार पडताना मागे फिरलो, तर फोन आम्हाला पुन्हा पुन्हा घाटाकडेच वळवत होता. असे का व्हावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : वाहतूक किती वेगाने चालली आहे, हे प्रणालीला मुख्यतः त्या रस्त्यावरून जाणाऱ्या फोनांवरून कळते. ज्या रस्त्यावर फोनच नाहीत, तो बंद आहे की नुसता निवांत आहे, हे तिला सहजासहजी ओळखता येत नाही. वरंध घाट पावसाळ्यात दरडींच्या भीतीने अनेकदा बंद ठेवला जातो, पण त्याबद्दलचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश नकाशात कुणीतरी नोंदवावा लागतो. तोवर प्रणालीच्या लेखी तोच जवळचा रस्ता असतो आणि आपण मागे फिरलात की ती आपल्याला चुकलेला प्रवासी समजते. पावसाळ्यात घाटाने जायचे असेल, तर निघण्यापूर्वी जवळच्या एसटी आगारात चौकशी करावी. त्या रस्त्याने एसटी जात नसेल, तर आपणही जाऊ नये.

हा विषय निव्वळ गैरसोयीचा नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री एक मोटार शिरली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. नकाशात पूल होता, जमिनीवरही होता, पण त्यावर पाणी होते. रात्री अनोळखी रस्त्यावर दिव्यांच्या झोतात पाणी चमकले, तर गाडी जागच्या जागी थांबवून उतरून पाहावे, फोन काहीही म्हणो.

प्रश्न : ताम्हिणी घाटात रेंज गेली आणि नकाशा कोरा झाला. उपग्रह तर आकाशात असतात, मग रेंज कशाला लागते?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जागा कळण्यासाठी लागत नाही. त्या कोऱ्या पडद्यावरही निळा ठिपका हलत असेल, तो आपण पाहिला असेलच. रेंज लागते ती नकाशाचे तुकडे उतरवून घ्यायला, आणि वळण चुकल्यावर बहुधा नवा मार्ग काढायलाही. त्यामुळे त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवावा. घाटात फोन बंद करून पुन्हा सुरू करण्याचा मोह मात्र टाळावा. रेंज असताना उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून चटकन मिळते. नसताना ती थेट उपग्रहाकडून सेकंदाला अवघे ५० बिट अशा संथ गतीने घ्यावी लागते, आणि कड्यांमुळे आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसत असेल तर ते काम रेंगाळते. तोपर्यंत मैलाच्या दगडांकडे पाहावे. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग आणि नारिंगी असेल तर आपण कुठल्यातरी गावाच्या रस्त्याला लागला आहात.

प्रश्न : उड्डाणपुलाखालच्या सेवा रस्त्यावर असताना फोन आपल्याला पुलावरच का दाखवतो?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : उंचीचा अंदाज आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकतो आणि दोन्ही रस्ते जवळजवळ एकाच रेषेत असतात. त्यामुळे प्रणाली आपल्याला त्यांतल्या जास्त संभवनीय वाटणाऱ्या रस्त्यावर चिकटवून टाकते. अशा जागी पुलाच्या तोंडाशी असलेली पाटी वाचून निर्णय घ्यावा. फोन दोन-तीनशे मीटरनंतर आपोआप पाटीशी सहमत होतो.