कंसातली मिश्री

ताई, माझं वय ४३. दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. दोन वर्षांत चालून आणि खाण्यावर ताबा ठेवून २१ किलो वजन उतरवलं, पण पोटाची कातडी झोळीसारखी लोंबत राहिली. पावसाळ्यात तिच्याखाली घाम साचून चट्टे उठायचे, खाज सुटायची. शेवटी आरडी मोडली, भिशीचे पैसे घातले आणि पुण्यात जाऊन टमी टक, म्हणजे पोटाची लोंबती कातडी काढायचं ऑपरेशन, करून घेतली. आज पाच आठवडे झाले. खरं काय ते फक्त नवऱ्याला ठाऊक. सासूबाईंना (वय ७१) हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय. त्या बिचाऱ्या डिंकाचे लाडू करून घालतायत. पोट सकाळी सपाट असतं, संध्याकाळी टम्म फुगतं. नवरा म्हणाला, "एवढे पैसे घालून हेच?" टाक्यांच्या रेघेवर मधोमध बोटाच्या पेराएवढी जागा अजून ओली आहे, कपड्याला पिवळट डाग पडतो. (मिश्री, म्हणजे दाताला लावायची भाजलेली तंबाखू, ऑपरेशनआधी सोडली होती. आता सकाळी थोडीशीच लावते, सासूबाईंच्याच डब्यातली. त्याशिवाय पोट साफ होत नाही.) गौरी-गणपती तीन आठवड्यांवर आलेत. सासूबाई म्हणतात, झालीस की आता बरी. त्यांच्याशी खोटं बोलले म्हणून मन खातंय. काय करू?
— एक सून, कराड

सूनबाई,

नाव दिलं नाहीस, तेव्हा हेच म्हणते, आणि अगं-तुगंच करते. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सासूबाईंसाठी, दुसऱ्यांदा त्या कंसासाठी. आपण बायका डॉक्टरकडून उठून दाराशी पोचलो की म्हणतो, "आणि हो, छातीत जरा दुखतं." तुझी मिश्री तशी आली आहे. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते. सासूबाईंशी बोललेलं खोटं चार दिवस थांबेल. डॉक्टरांपासून लपवलेली मिश्री थांबणार नाही.

मी डॉक्टर नाही. पण ती ओली जागा आणि तो डबा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एवढं मला पक्कं माहीत आहे. या ऑपरेशनमध्ये बेंबीखालची जास्तीची कातडी काढतात, वरची कातडी पार बरगड्यांपर्यंत सोडवतात, आतले फाकलेले स्नायू जवळ आणून शिवतात, मग कातडी खाली ओढून या कमरेपासून त्या कमरेपर्यंत शिवतात. सोडवलेल्या कातडीला रक्त पोचतं ते कडेकडेने आणि वरून. खाली मधोमधची जागा सगळ्यात लांबची. तू कराडची आहेस, कालव्याच्या टेलच्या शेताला पाणी कसं पोचतं ते तुला सांगायला नको. त्यात निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे वरच्या अंगाला कुणीतरी दारं पाडल्यासारखंच. तंबाखू तव्यावर भाजून काळी केली म्हणून तिच्यातलं निकोटिन जात नाही, आणि हिरड्यांवर चोळलं की ते थेट रक्तात उतरतं. "दातच तर घासते" हे म्हणणं माझ्या आईचंही होतं. ती मिश्री भाजायला बसली की घरभर खोकल्याची साथ यायची, पण तिला ते व्यसन कधी वाटलंच नाही. सर्जन ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे तंबाखू बंद ठेवायला सांगतात ते याचसाठी. जखम उघडी असेल तर ती भरेपर्यंत अजिबातच नाही.

तेव्हा उद्या सकाळी पुण्याला फोन लाव. त्या जागेचा उजेडात काढलेला फोटो पाठव आणि बोलावतील त्या दिवशी जा. दिवसातून किती वेळा मिश्री लावतेस तो आकडा सांग, "थोडीशी" म्हणू नकोस. एवढीशी जागा बहुतेक वेळा नीट ड्रेसिंग केलं की काही आठवड्यांत भरते. व्रण तिथे जरा रुंद होतो, तो पुढे हवं तर नीट करता येतो. पण ताप आला, भोवतीची लाली पसरू लागली, घाण वास यायला लागला किंवा कडा काळवंडल्या, तर त्याच दिवशी दाखवायचं. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला, तर पुण्याची वाट धरायची नाही. कराडातच जवळच्या मोठ्या दवाखान्यात लगेच जायचं, कारण ते रक्ताची गाठ झाल्याचं लक्षण असू शकतं. आणि जखमेवर हळद, खोबरेल, पावडर काहीही लावू नकोस. शेकही नको. पोटाची खालची कातडी अजून बधिर असेल, कित्येक महिने तशी राहते. गरम पाण्याची पिशवी ठेवली तर भाजल्याचंही कळत नाही.

आता पोट साफ होण्याचं. तुझं म्हणणं खोटं नाही, निकोटिनने आतड्याला ढोसणी मिळतेच. पण तुझं पोट अडलं ते मुळात दुखण्याच्या गोळ्या, पडून राहणं आणि पाणी कमी पिणं यामुळे. त्यावर इलाज सोपा आहे. रात्री इसबगोल आणि त्यावर पेलाभर कोमट पाणी, सकाळी भिजवलेल्या काळ्या मनुका, दुपारी पपई, दिवसभर थोडं थोडं चालणं. तरी अडलं तर डॉक्टरांना सौम्य औषध माग, त्यात लाज नाही. कुंथायचं मात्र नाही, आतले स्नायूंचे टाके नवे आहेत. कमोड असेल तर पायाखाली एक बुटका पाट घे. तलफ बहुधा चहानंतरच येईल. तेव्हा साध्या पेस्टने दात घास आणि तडक घराबाहेर पडून फेरी मार. तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे, तिथे सोडायला मदत करतात. निकोटिनचं च्युइंगम मात्र सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नकोस, निकोटिन ते निकोटिनच.

संध्याकाळच्या फुगण्याचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखव. एवढी कातडी सोडवून शिवली की सूज येते. दिवसभर उभं राहिलं की ती साचत जाते आणि रात्री आडवं झालं की उतरते. बरीचशी तीन महिन्यांत ओसरते, पण पुरता आकार दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. पाचव्या आठवड्यात निकाल मागणं म्हणजे चुलीवर ठेवल्या ठेवल्या भाताचं शीत दाबून बघणं. टेपने पोट मोजायची हौस असेल तर महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच जागी. पोटाला बांधायचा पट्टा सर्जन सांगतील तोवर घालायचा, साधारण सहा आठवडे, काहींना जास्त. धुवायला एक जादा घेऊन ठेव म्हणजे ओला घालावा लागणार नाही. पापड, लोणचं, ठेचा यांना हात आखडता घे, मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. पोट हलवल्यावर आत पाणी डुचमळल्यासारखं वाटलं, तर ती सूज नाही. कातडीखाली पाणी साठलंय, ते डॉक्टर सुईने काढतात. तेही फोनवर सांग.

साडी नेसायची घाई करू नकोस. परकराची नाडी एकतर नव्याने बसवलेल्या बेंबीवर घासते नाहीतर व्रणावर. सैल इलॅस्टिकचा परकर शिवून घे, नाहीतर सध्या गाऊनच बरा. व्रण आता लालभडक दिसेल. फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. सिलिकॉनची जेल किंवा पट्टी लावतात ती जागा पूर्ण कोरडी झाल्यावर, ओल्या भागावर नाही.

आता सासूबाई. तुझं पोट, तुझी कातडी, तुझी भिशी. त्याचा हिशोब कुणाला देणं लागत नाहीस, असं मी एरवी म्हटलं असतं. पण हे खोटं तुला महागात पडतंय. हर्निया म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे दुर्बिणीचं ऑपरेशन होऊन आठ-पंधरा दिवसांत कामाला लागलेली एखादी भावजय आली असणार. म्हणून त्या म्हणतात, झालीस की बरी. त्यात त्यांचं काय चुकलं? आणि मिश्रीचा डबा त्यांचा आहे. तो बाथरूमच्या फळीवरून हलवायचा तर कारण सांगावंच लागेल.

दुपारी त्या काहीतरी निवडत बसतील तेव्हा शेजारी खुर्ची घेऊन बस. नवऱ्याला पुढे करू नकोस, तो गोंधळ घालेल. म्हण, "आई, हर्निया नव्हता. दोन बाळंतपणांत पोटाचे स्नायू फाकले होते ते जवळ आणून शिवलेत, आणि लोंबणारी कातडी काढलीय. पैसे माझे होते. तुम्ही काय म्हणाल या भीतीने बोलले नाही, ते चुकलं. जखम अजून भरली नाही आणि मिश्रीने ती भरणार नाही, म्हणून डबा तुमच्या खोलीत ठेवा." बस्स. लांबण लावलीस तर वकिली वाटेल. त्या रागावतील, बहुतेक पैशांवरून. दोन दिवस अबोला धरतील. शेजारी एखादीला सांगतीलही, त्याची तयारी ठेव. पण माझा अंदाज विचारशील तर पाच आठवडे तुझा पट्टा दोरीवर वाळताना बघणाऱ्या बाईला थोडंफार कळलेलं असणार.

लाडवांचं वाईट वाटून घेऊ नकोस. ऑपरेशन म्हणजे दुसरं बाळंतपण असं त्यांच्या पिढीचं गणित आहे, आणि मायाच आहे ती. पण एक लाडू म्हणजे जवळपास दोन पोळ्यांचा ऐवज. दिवसाला अर्धा खा, उरलेले पोरांना दे. जखमेला तूप-गुळापेक्षा प्रथिनं हवीत, आणि वाटीभर वरणात ती पाच-सहा ग्रॅमच असतात. ६०-६५ किलोच्या बाईला या दिवसांत दिवसाला सत्तरेक ग्रॅम लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचार. पन्नास ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात दहा-अकरा, दोन अंड्यांत बारा, मटकीच्या उसळीच्या वाटीत सात-आठ. अशी बेरीज कर म्हणजे आपलं ताट कुठे कमी पडतं ते दिसेल. मी पहिल्यांदा केली तेव्हा माझं पस्तीसवर अडलं होतं.

गौरी-गणपतीला तुला आठ आठवडे झालेले असतील. एरवी साधारण सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर उचलायचं नसतं, पण तुझी जखम उघडी आहे, तेव्हा सर्जन हो म्हणेपर्यंत तीच मर्यादा धर. पाण्याची भरलेली बादली नाही, ओल्या चादरी नाहीत. घरच्या सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो, लोखंड धरून तीसच्या घरात जातो. तो ढकलायचासुद्धा नाही. पुरण वाटायला नवऱ्याला बसव, "एवढे पैसे" म्हणणाऱ्या हातांना काम मिळेल. तू खुर्चीवर बसून मोदकांच्या पाऱ्या कर, गौरींच्या निऱ्या घाल. जमिनीवर मांडी घालून बसणं-उठणं यंदा राहू दे.

पुढचं म्हणजे हे पोट टिकवण्याचं. त्याची निम्मी विद्या तुझ्याकडे आहेच, २१ किलो काही सर्जनने उतरवले नाहीत. त्यांनी काढली ती बाहेरची कातडी आणि तिच्याखालची चरबी. स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती जी चरबी असते तिला या ऑपरेशनचा हात लागत नाही. वजन वाढलं की ती आतून रेटते आणि शिवलेलं पोट पुन्हा ताणतं. आठवड्यातून एक वार ठरव, सकाळी काट्यावर उभी राहा. दोन-तीन किलोंच्या वर सरकलं की त्याच आठवड्यात आवर, दिवाळीनंतर बघू म्हणू नकोस. चालणं आताही चालू ठेव, सपाट रस्त्यावर. पोटाचे व्यायाम, उठाबशा, सूर्यनमस्कार तीन महिन्यांच्या आत नाहीत, आणि तेव्हाही विचारूनच.

उद्या फोन झाला की लिही. डॉक्टर काय म्हणाले ते आणि डब्याचं काय झालं ते, दोन्ही कंसाबाहेर.