वाटी घेऊन लेकराच्या मागं घरभर

या वेळी पत्रं आली ती जवळपास सगळी जेवणाचीच. बावीस वर्षं अंगणवाडी चालवली मी, डॉक्टर नाही, पण लेकरं आणि त्यांच्या वाट्या भरपूर बघितल्या, त्यामुळं जे माहिती आहे ते सांगते. लेकराचं वजन उतरत असेल, ताप-जुलाब असतील, लेकरू मलूल पडलं असेल तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

ताई, मला दोन लेकरं, मुलगी अडीच वर्षाची आणि मुलगा आठ महिन्याचा. मुलगी मोबाईल लावल्याशिवाय एक घास घेत नाही, अर्धी पोळी खायला दीड तास, मी वाटी घेऊन घरभर तिच्या मागं. दूध मात्र दिवसातून चार बाटल्या मागून मागून पिते. सासूबाई म्हणतात लेकरू उपाशी झोपलं तर आईला झोप येते कशी. धाकटा तोवर मांडीवर बसून सगळ्यात हात घालू लागलाय, आणि माझी भाकरी वाळून पापड. काय करू? – एक आई, जिंतूर

बाई, आधी दुधाचा हिशोब करू. बाटली २५० मिलीची धरली तर चार बाटल्यांचं एक लिटर झालं. मोठा माणूस एक लिटर दूध पिऊन ताटावर बसला तर तो तरी काय जेवंल? अडीच वर्षाच्या लेकराला दिवसाचं ४००-५०० मिली दूध भरपूर झालं, म्हणजे दोन पेले, आणि ते पेल्यानंच, बाटली आता माळ्यावर टाक. दुधात लोह नसल्यासारखंच असतं, आणि पोट दुधानंच भरलं की डाळ-भाजीतलं लोह जायला जागाच राहत नाही, मग लेकरू पांढरं पडतं, चिडचिड करतं, वर लोह कमी झालं की भूक अजून मरते. जेवत नाही म्हणून दूध द्यायचं आणि दूध पिते म्हणून जेवत नाही, हे रहाटगाडगं तूच थांबवू शकतेस, तिच्या हातात ते नाही. चहा-बिस्कीट चालू असेल तर तो चहा पण बंद, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आणि आशाताईकडून लोहाचं औषध मिळतं का विचार, ६ महिने ते ५ वर्षांच्या लेकरांना आठवड्यातून दोनदा १ मिली, सरकारी योजनेतलंच आहे, फुकट. पुष्कळ घरात ती बाटली फ्रीजवर धूळ खात पडलेली मी स्वतः बघितलीय.

आता दुसरी गोष्ट, ती खरंच कमी खाते का तुला तसं वाटतं? पहिल्या वर्षात लेकरू जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं, तीन किलोचं नऊ किलो. दोन वर्षानंतर वर्षाला साधारण दोनच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूक पण मंदावणारच, पण आपल्या डोक्यात ते पहिल्या वर्षातलं गुटगुटीत बाळच बसलेलं असतं. माझ्याकडं आया यायच्या, म्हणायच्या काहीच खात नाही हो बाई, आणि काट्यावर घातलं की लेकरू अंगणवाडीच्या वजनाच्या कार्डावरच्या हिरव्या पट्ट्यात, म्हणजे वजन ठीक. तेव्हा अंगणवाडीत जाऊन वजन कर, उंची पण मोज, रेघ वर चाललीय ना बघ. चालली असेल तर सासूबाईंना ते कार्डच दाखव. तू बोललीस तर ते उलट बोलणं होतं, कार्ड बोललं तर चालतं.

मोबाईलचं म्हणशील तर, मागं आपण पण हा घास चिऊचा, हा घास काऊचा करतच होतो की, मग मोबाईलनं काय बिघडलं असं एका जावयानंच मला विचारलं होतं. बिघडतं असं, की चिऊ-काऊत लेकरू तुझ्या तोंडाकडं बघतं, घासाकडं बघतं, नको झालं की मान फिरवतं आणि ते तुला कळतं. मोबाईल लावला की तोंड आपोआप उघडतं, पोट भरलं का नाही हे त्याचं त्यालाच कळत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पण सांगितलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि पुढं पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत, ते पण जेवताना नाही.

एलिन सॅटर नावाच्या एका अमेरिकन आहारतज्ज्ञ बाई आहेत, त्यांनी एक वाटणी करून दिलीय ती मला फार पटते. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठं बसून खायचं हे आईबापानं ठरवायचं. किती खायचं, आणि खायचं का नाही, हे लेकरानं. आपण नेमकं उलटं करतो, काय खाणार गं बाळा असं त्याला विचारतो आणि किती खायचं ते आपण ठरवतो, एवढी वाटी संपलीच पाहिजे.

तर करायचं काय. दिवसाच्या वेळा बांध, तीन जेवणं आणि मधी दोन खाऊ, आणि दोन वेळांच्या मधी पाणी सोडून काही नाही, कुरकुरे नाही, दुकानातून आजोबांनी आणलेला पुडा नाही. जेवायला खाली बसायचं, तू पण. हे मी माझ्या लेकीच्या घरी परभणीला करून बघितलं, नात तीन वर्षाची, नातू नऊ महिन्याचा. जुनं लुगडं अंथरलं, मधोमध भाकरीचं टोपलं, नातीला तिचं वेगळं छोटं ताट, त्यात कुस्करलेली भाकरी, वरण, गवारीच्या दोन शेंगा, आणि तिच्याकडं कोणी बघायचंच नाही असं ठरलं. पहिली पाच मिनिटं तिनं शेंगांनी ताटात रस्ता केला. नातू बसला मांडीला टेकून, त्यानं पूर्ण पंजा वरणात घातला, मुठ आवळली, बोटांच्या मधून सगळं वरण बाहेर, मग मुठीत काय उरलं ते उघडून बघितलं, काहीच नाही, पुन्हा पंजा आत. हे तीनदा झाल्यावर त्यानं मूठच तोंडात कोंबली. नात ते बघत होती, हसली, आणि मग एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, चार घासानंतर "झालं" म्हणाली. लेकीचा हात लगेच वाटीकडं गेला, मी धरला. रात्री पोरगी पाऊण भाकरी जेवली. रोज असं होत नाही हं, तिसऱ्या दिवशी तिनं ताट उलटं पण केलंय. ताट उलटं केलं की जेवण संपलं, रागवायचं नाही, उचलायचं. वीस-पंचवीस मिनिटं झाली की उठायचं, पुढच्या वेळेपर्यंत काही मिळत नाही. पहिले चार-पाच दिवस रडारड होईल, घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर तू इकडं उठवायचीस आणि तिकडं आतून बिस्कीट यायचं.

धाकट्याला वेगळा स्वयंपाक करत बसू नको. तुरीचं वरण शिजलं की मीठ-तिखट घालायच्या आधी त्याचं काढून ठेव, भात किंवा मऊ भाकरी त्यात कुस्कर, वरून चमचाभर तूप. वर्षाच्या आत मीठ-साखर नको. घट्ट पाहिजे, चमचा तिरका केला तर लगेच ओघळलं नाही पाहिजे. ते वरणाच्या वरचं पाणी पाजणं बंद करा बाई सगळ्यांनी, त्यात पिवळा रंग सोडून फारसं काही नसतं, डाळ खाली राहते आणि पाणी लेकराला जातं. आठव्या महिन्यात दोन-तीन वेळा, वेळेला अर्धी वाटी पुरे, बाकी अंगावरचं दूध मागंल तेव्हा, ते दोन वर्षं आणि पुढंही चालतं. उकडलेलं अंडं तुमच्यात चालत असेल तर कुस्करून दे, सहा महिन्यानंतर पिवळं-पांढरं सगळं चालतं.

आणि तुझी भाकरी गरम असतानाच खा, दोघांच्या बरोबर.

ताई, मी लिहिणारी आजी आहे. सून म्हणते मध चाटवू नका, घुटी उगाळू नका, मीठ घालू नका. आम्ही चार लेकरं अशीच वाढवली, काय झालं त्यांना? आता माझं म्हणून काहीच उरलं नाही असं वाटतं. नातू सात महिन्याचा. – एक आजी, उदगीर

आजी, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, पण मधाच्या बाबतीत सून बरोबर आहे. मधात कधीकधी एका जंतूचे बीज असतात, मोठ्याच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, पण वर्षाच्या आतल्या लेकराच्या आतड्यात ते उगवतात आणि विष तयार करतात, लेकरू लुळं पडतं. फार क्वचित होतं, तुमच्या चौघांना झालं नाही, चांगलंच झालं, पण होतं तेव्हा लेकरू आयसीयूत असतं. वर्ष झालं की खुशाल चाटवा. घुटीचं पण तेच, सहाण धुतलेली असते का, पाणी कुठलं, आणि त्या मुळ्या नेमक्या किती उगाळल्या कोण मोजतं? सोडून द्या.

पण तुमचं म्हणून काही उरलं नाही हे मला मान्य नाही. सुनेला ज्वारीच्या कण्या येतात का विचारा! आजकालच्या निम्म्या पोरींना येत नाहीत, पाकिटातली पावडर येते. ज्वारी निवडून, थोडी भाजून, जात्यावर नाहीतर मिक्सरमधी बारीक भरडा. मूठभर भरड तासभर भिजत घाला, मग भरपूर पाण्यात मंद शिजवा, कणी बोटात चिरडली तर मधी टणक लागली नाही पाहिजे. त्यात थोडं मुगाचं वरण घोटा, तूप सोडा, निवाल्यावर दोन चमचे घरचं ताजं ताक, आंबट नको. मीठ नाही. तुम्हाला चाखून अळणी लागंल, नातवाला लागत नाही, त्यानं अजून मीठ बघितलंच नाही. भरवायचं काम पण तुम्हीच घ्या, फक्त हात साबणानं धुऊन.

ताई, आमचा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. जरा जाडसर दिलं की उमळतो, डोळ्यात पाणी येतं, बायको घाबरते म्हणून अजून सगळं मिक्सरमधून गंध करून देतो. असं किती दिवस? – एक बाप, नांदेड

दादा, बापाचं पत्र आलं म्हणून आधी तुमचं कौतुक. उमळणं आणि अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उमळताना आवाज येतो, खोकतं, तोंड लाल होतं, घास पुढं ढकलतं आणि पुन्हा खायला तयार, हे शिकणंच आहे. अडकलं की आवाज बंद, रडता येत नाही, खोकला निघत नाही, ओठ निळे पडायला लागतात. तसं झालं तर वर्षाच्या आतल्या लेकराला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधी तळहाताच्या टाचेनं ५ थापा, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब, पुन्हा थापा, आणि दुसऱ्यानं तोवर १०८ लावायचा. दिसत नसलेलं काढायला तोंडात बोट घालू नका, आत ढकललं जातं.

मिक्सर मात्र आजपासून बंद करा. आठव्या-नवव्या महिन्यात गुठळ्या लागल्या पाहिजेत जिभेला, तुम्हाला उशीरच झालाय, लांबवलं तर पुढं चावायलाच मागत नाहीत. आधी चमच्यानं ठेचा, मग काट्यानं, मग मऊ शिजलेला भोपळा बोटाएवढा कापून हातात द्या. बसवूनच, पाळण्यात नाही, रांगताना नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर हे चार-पाच वर्षं लांब. शेंगदाण्याचं बारीक कूट वरणात घालून चालतं. हुरड्याच्या दिवसात शेतावर गेलात तर लक्ष ठेवा, सगळे प्रेमानं तोंडात दाणे टाकतात.

बाळ चार महिन्याचं आहे, मे महिना, घरात पत्रे, अंग नुसतं भाजतंय. सगळे म्हणतात दोन चमचे पाणी पाज. पाजू का? – एक आई, गंगाखेड

नको. अंगावरच्या दुधातच ८७-८८ टक्के पाणी असतं, उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागतं तेवढ्या वेळा पाज. लघवी दिवसातून सहा-सात वेळा होतीय ना तेवढं बघ. आठ दिवसाला येणारं टँकरचं पाणी तुझ्या बाळाला सोसणारं नाही, ते तू पी, उकळून गार करून, आणि भरपूर पी. पत्र्यावर ओली पोती टाकायला कोणाला तरी लाव.

ताई, मुलगा तीन वर्षाचा, गेले तीन आठवडे तिन्ही टाईम फक्त सुशीला खातो. भाजी बघितली की तोंड फिरवतो. – एक आई, लातूर

सुशीला काही वाईट नाही, मुरमुरे भिजवून केलेलेच आहेत, त्यात डाळव्याचं पीठ आणि शेंगदाण्याचं कूट जास्त घाल, अख्खे दाणे काढ, वरून लिंबू पिळ, लिंबानं लोह चांगलं अंगी लागतं. फक्त एकट्या त्याच्यासाठी रोज तीनदा वेगळी करू नको, एका वेळेला सगळ्यांनाच सुशीला, बाकी वेळेला घरात जे असंल ते. आणि ताटाच्या कडंला चमचाभर भाजी रोज वाढत जा, खा म्हणायचं नाही, नुसती वाढायची. नव्या चवीशी ओळख व्हायला कधीकधी दहा-पंधरा वेळा लागतात, आपण तिसऱ्यांदाच त्याला आवडत नाही असं जाहीर करून टाकतो.

पंधरा वेळा करून पण नाही खाल्ली तर? आमच्या घरात एक जण आहेत, बासष्ट वर्षांचे, मी एकोणचाळीस वर्षं त्यांच्या ताटात दोडका वाढतीय. मागच्या बुधवारी दोन फोडी खाल्ल्या, मी काही बोलले नाही.