काळ्या मातीतून प्रतिजैविक शोधताना

परभणीकडची काळी माती 10-15 सेंटिमीटर खोलीवरून, तुरीच्या मुळांजवळची घ्या. आठवडाभर सावलीत वाळवा. हे टाळलं तर झपाट्याने वाढणारे इतर जिवाणू अख्खी प्लेट व्यापतात आणि सावकाश वाढणारा, प्रतिजैविकं बनवणारा जिवाणू स्ट्रेप्टोमायसिस दिसतच नाही. 1 ग्रॅम माती 9 मिली निर्जंतुक सलाइनमध्ये, मग दहापटीने पातळ करत 10⁻⁴ पर्यंत. ते स्टार्च-केसीन अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर) पसरवा; 28 अंश, किमान 10 दिवस. आपल्याकडच्या मे महिन्यात साधा इन्क्युबेटर 28 धरत नाही, तो फक्त तापवतो. थंड करणाराच हवा.

खडूच्या भुकटीसारख्या, अगारात रुतलेल्या वसाहती उचला. लगेच 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये गोठवा, कारण वारंवार पुनर्लागवड केली की प्रतिजैविक बनवण्याची क्षमता हरवू शकते. चाचणीत वसाहतीभोवती दुसरे जंतू न वाढलेलं वर्तुळ, म्हणजे झोन, दिसला तरी हुरळू नका; स्ट्रेप्टोथ्रिसिनसारखी जुनीच संयुगं पुन्हा पुन्हा सापडतात, म्हणून शुद्धीकरणाआधी एलसी-एमएस (संयुगं वेगळी करून वस्तुमानावरून ओळखायची चाचणी) कराच.