चर्चच्या बोर्डावर सोळाव्या शतकातलं साल, पण इमारत नवी दिसते. खरं काय समजायचं?

तुम्ही लिहिलंय की विरारजवळच्या एका गावात मैत्रिणीच्या लग्नाला गेलात, तिथल्या चर्चच्या बोर्डावर सोळाव्या शतकातलं साल होतं, आणि आत पाहिलं तर चकचकीत फरशी, ऑइलपेंट, पुढे स्लॅबचा पोर्च. मग साल खरं की थाप?

थाप नाही. मी वसईचाच आहे आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक दुसरा पाहुणा हेच विचारतो. बोर्डावरचं साल धर्मग्रामाचं, म्हणजे त्या चर्चला जोडलेल्या ख्रिस्ती वस्तीचं (पॅरिशचं) असतं, इमारतीचं नव्हे. नंदाखालच्या होली स्पिरिट चर्चचं साल १५७३ सांगतात, ते तिथे धर्मग्राम सुरू झाल्याचं. आज उभी असलेली प्रत्येक भिंत त्या सालची आहे असा दावा गावातलं कुणी करत नाही. पाहुणे आपापला अर्थ काढतात.

वसई पोर्तुगिजांकडे गेली १५३४ साली, गुजरातच्या बहादूरशहाशी झालेल्या तहाने. मग फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन असे धर्मगुरूंचे संघ आले. किल्ल्यात त्यांचे मोठे मठ झाले आणि बाहेर बागायती गावांत लहान चर्चेस. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा राजाश्रय संपला. काही चर्चेस ओस पडली, काही गावकऱ्यांनी आपल्या कुवतीप्रमाणे सांभाळली, वाढवली, पुन्हा बांधली. पुनर्बांधणी हा काही आजचा उद्योग नाही, पोर्तुगीज काळातच तो सुरू होता. किल्ल्यातल्या सेंट जोसेफ कॅथेड्रलचं मूळ काम १५४६ चं, पण दारावरच्या दगडात कोरलंय १६०१, आणि तो लेख सांगतो की त्या साली चर्च नव्याने उभारलं.

तेव्हा एकच साल शोधू नका. कुठला भाग कधीचा ते बघा.

सुरुवात वेदीपासून करा. लोक वाढले की बसायची जागा रुंद करतात, लांबवतात, पण वेदीच्या खोलीला सहसा कुणी हात लावत नाही. तिथल्या भिंतीची जाडी खिडकीच्या कोनाड्यात लगेच कळते. हातभराहून जास्त खोल कोनाडा, वर दगडी किंवा विटांची कमान, असं असेल तर तो भाग जुना धरायला हरकत नाही. मागे लाकडी कोरीव वेदी भिंतीला टेकलेली आणि तिच्यापुढे वेगळं साधं टेबल दिसलं, तर ते टेबल १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचं, म्हणजे कॅथलिक चर्चने उपासनेच्या रीती बदलल्या त्यानंतरचं. तोवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची आणि फादर वेदीकडे तोंड करून उभे राहायचे. आता ते लोकांकडे तोंड करून मराठीत मिस्सा करतात.

मग छप्पर. मंगलोरी कौलं असतील तर ते छप्पर १८६५ नंतरचंच, कारण बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कौलांचा कारखाना त्या साली निघाला. त्याआधी आपल्याकडे नळीची कौलं होती, गावच्या कुंभाराने केलेली. इथे एक गंमत आहे. काही कौलांवर १८६५ हा आकडा उठवलेला असतो, आणि तो वाचून लोक खुशाल छप्पर १८६५ सालचं ठरवतात! तो आकडा कारखाना निघाल्याचा आहे. ते कौल त्यानंतर कितीतरी वर्षांनी भाजलेलं असू शकतं.

सगळ्यात कमी भरवसा दर्शनी भिंतीवर ठेवा. मधला उंच त्रिकोण, दोन्ही बाजूंची वळणदार नक्षी, कडेला घंटेचा मनोरा हा नमुना आमच्या लोकांच्या इतका डोळ्यांत बसलाय की नवीन चर्च बांधतानाही सिमेंटात तोच काढतात. आयएचएस (IHS) ही येशूच्या नावाची अक्षरं जेझुइटांच्या चिन्हात असतात, पण ती दिसली म्हणून जेझुइटांचं चर्च, असंही समजू नका. ती कुठेही सापडतात.

घंटेवर साल असतं, ते वाचाच, पण तेवढ्यावर चर्चचं वय ठरवू नका. घंटा हलवता येते आणि आमच्याकडच्या तर खूपच हलल्या. १७३९ च्या विजयानंतर मराठ्यांनी त्या घाटावर नेल्या. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या नदीच्या घाटावरची घंटा १७०७ ची आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता दिसते. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची. उलट आमच्या गावच्या चर्चमधली घंटा पुढे कधी, कुठून आली ते वेगळंच शोधावं लागतं.

दगडाचंही तसंच. आमच्याकडे काळा दगड आणि चुना, रत्नागिरीपासून खाली जांभा. वसईचा घडीव काळा दगड पार गोव्याला जायचा. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चच्या जांभ्याच्या इमारतीला दर्शनी बाजूचं कोरीव काम वसईच्या दगडात आहे. त्याच चर्चचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला आणि उघडा जांभा पावसात झिजायला लागला. म्हणून कुठली चर्च कमिटी ‘गिलावा खरवडून ओरिजिनल दगड दाखवू’ म्हणायला लागली की मला धडकी भरते. मूळ रूप म्हणजे चुन्याचा गिलावा लावलेलंच होतं. जुन्या चुन्यावर सिमेंट थापणं हाही तितकाच वाईट उपाय: ओल आत अडकते आणि भाद्रपद येईतो भिंतीला फोड येतात. गिलावा कसला आहे ते कळायला नखच पुरतं, कोपऱ्यात हळूच घासून बघा. चुना भुरभुरतो, सिमेंट ढिम्म हलत नाही.

पडझड झालेलं, पण नंतरची भर नसलेलं काम बघायचं असेल तर वसई किल्ल्यात जा, किंवा रेवदंड्याला. तिथल्या किल्ल्यातला सातखणी मनोरा फ्रान्सिस्कन चर्चचाच. ते डोळ्यांखालून गेलं की गावच्या चर्चमधला जुना भाग आपोआप वेगळा दिसायला लागतो.

मैत्रिणीच्या गावी पुन्हा जाणार असाल तर रविवार टाळा. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर फादरांना भेटा आणि बाप्तिस्म्याची सगळ्यात जुनी नोंदवही बघायला मिळेल का विचारा. जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये असतात, पण सालाचे आकडे तर कुणालाही वाचता येतात. दुरुस्तीच्या हिशेबाची वही ठेवलेली असेल तर तीही मागा. छप्पर कधी बदललं, पोर्च कुणाच्या देणगीतून झाला, हे बोर्डावर नाही, त्या वहीत सापडतं.