वाचकांचे प्रश्न : आठवणीची बंदूक

लग्न, निवृत्ती, पहिली शिकार, मुलांचं सज्ञान होणं अशा निमित्तानं बंदूक घेण्या-देण्याविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. परवान्याचे नियम देशागणिक वेगळे असतात, म्हणून त्यांचा उल्लेख लागेल तेवढाच केला आहे.

प्रश्न : वडील निवृत्त होत आहेत. त्यांच्या जन्मवर्षी तयार झालेली रायफल किंवा शॉटगन त्यांना द्यायची आहे. वर्ष पक्कं कसं ठरवायचं?

विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबू नका. खुणा धातूवरच असतात, त्या वाचा. सगळ्यात आधी सिरियल नंबर बघा. बहुतेक मोठ्या कारखान्यांचे नंबर कोणत्या वर्षी कुठपर्यंत पोचले होते याचे तक्ते मिळतात. कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या दफ्तरातून त्या नंबरची बंदूक कधी आणि कुठे रवाना झाली याचं पत्र मागवता येतं. विंचेस्टर आणि मार्लिन या तिथल्याच कारखान्यांच्या जुन्या नोंदवह्या अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात आहेत, पण त्या सगळ्या मॉडेलांच्या आणि सगळ्या वर्षांच्या नाहीत. पैसे देण्याआधी आपला नंबर त्यात बसतो का, ते विचारून घ्या.

युरोपातल्या बंदुकांवर चाचणीचे, म्हणजे जादा दाबाचा बार काढून मजबुती तपासल्याचे, शिक्के असतात. इटलीच्या बंदुकीवर छोट्या चौकटीत वर्षाचं सांकेतिक अक्षर असतं. ‘एए’ म्हणजे १९७५, ‘एबी’ म्हणजे १९७६. जर्मन शिक्क्यात आकड्यांऐवजी अक्षरं असतात : ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, असं करत के म्हणजे नऊ. मधलं ‘जे’ वगळलेलं आहे. त्यामुळे ‘आय-डी’ वाचायचं ८३. सैन्यासाठी बनलेल्या बऱ्याच ल्युगर पिस्तुलांवर तर वर्ष चेंबरच्या (काडतूस बसतं त्या भागाच्या) वरच ठोकलेलं असतं. एक मात्र ध्यानात ठेवा. शिक्क्यातलं वर्ष चाचणीचं असतं आणि दफ्तरातल्या पत्रातलं रवानगीचं. रिसीव्हर, म्हणजे नळी आणि बाकीचे भाग ज्यात बसतात तो मुख्य सांगाडा, त्याआधी घडलेला असू शकतो. ‘जन्मवर्षाची’ म्हणजे यातलं कोणतं वर्ष, हे घरात आधीच ठरवा, म्हणजे समारंभात वाद व्हायचा नाही.

फसगत बहुधा नव्यानं पॉलिश केलेल्या मालात होते. भिंग घेऊन स्क्रूचं भोक बघा. मूळ फिनिश असेल तर भोकाची कड धारदार आणि सपाट दिसते. पॉलिशच्या चाकावर घासलेली असेल तर कड बशीसारखी आत झुकलेली असते आणि कारखान्याच्या नावातली बारीक अक्षरं एका बाजूनं पुसट होतात. मग नळी, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) आणि रिसीव्हरवरचे नंबर जुळतात का ते बघा.

वडिलांचा जन्म १९६४ किंवा त्यानंतरचा असेल आणि मनात विंचेस्टर असेल, तर जरा थांबा. त्या वर्षी कंपनीनं खर्च वाचवायला मॉडेल ९४ आणि मॉडेल ७० या दोन्हींची बांधणी बदलली. त्यानंतरच्या बऱ्याच मॉडेल ९४ च्या रिसीव्हरवर नेहमीचं ब्ल्यूइंग (पोलादावर रसायनानं चढवलेला निळसर-काळा थर) नीट धरत नाही. उडालं की लालसर डाग राहतात आणि दुरुस्ती अवघड होते. बंदूक वाईट नाही, पण दिखाऊ भेटीसाठी कमी डाग पडलेलाच नग निवडा.

जुनी बारा बोअर शॉटगन असेल तर चेंबरची लांबी मोजून घ्या. ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस सहज बसतं, आणि घोटाळा तिथेच होतो. बार उडाला की काडतुसाचं मिटलेलं तोंड उलगडून नळी अरुंद होते त्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. पट्ट्यापट्ट्यांची दमास्कस नळी असेल तर आजची काडतुसं त्यात घालूच नका. नळीच्या भिंतीची जाडी, चेंबर आणि खटक्याची झीज बंदूक-कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय निवृत्तीच्या दिवशी ‘एक बार’ काढायचा हट्ट धरू नये.

प्रश्न : लग्नाची तारीख आणि दोघांची नावं बंदुकीवर कोरून घ्यायची आहेत. कारागीर म्हणतो, नळीवर छान दिसेल.

दिसेल, पण आम्ही तिथे कोरणार नाही. दस्त्याच्या (खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाच्या) खालच्या कडेला चांदीची किंवा पितळेची अंडाकृती चकती बसवायची जुनी पद्धत आहे. आद्याक्षरं आणि तारीख तिच्यावर घाला. पुढे बंदूक नातवाकडे गेली किंवा विकावी लागली, तर चकती बदलता येते. पोलादावरची अक्षरं काढायची तर धातूच घासावा लागतो.

पोलादावरच हवं असेल तर क्रम महत्त्वाचा. कोरीवकाम आधी, फिनिश नंतर. ब्ल्यूइंग झालेल्या भागावर कोरलं की प्रत्येक रेघेत उघडं पोलाद राहतं आणि पहिल्या पावसाळी हवेत तिथूनच गंज धरतो. रंगीत ढगांसारखी छटा असलेला रिसीव्हर असेल तर त्याची वरची त्वचा कडक केलेली असते. छिन्नी तिच्यावरून घसरते. मग आधी तापवून मऊ करा, कोरा, पुन्हा कडक करा, असं करावं लागतं. त्या दुसऱ्या तापण्यात रिसीव्हर किंचित मुरडला तर बोल्ट आणि खटके अडकतात. लेझरनं काम स्वस्त आणि झटपट होतं, पण खोली कमी असते. वापरात झिजेल हे धरूनच चाला. दुनळी असेल तर पुन्हा ब्ल्यूइंग करताना कारागिराला स्पष्ट विचारा, की गरम क्षारांच्या हौदात घालणार का? ते द्रावण दोन नळ्या जोडणारं डाख खातं. दुनळीला संथ गंज चढवून, उकळून, घासून काळं करायची पद्धतच योग्य. तिला दिवस लागतात; लग्नाच्या आदल्या आठवड्यात नेऊ नका.

सिरियल नंबर आणि चाचणीचे शिक्के यांच्या जवळपासही नक्षी नको. नंबर पुसट झाला तरी पुष्कळ देशांत तो गुन्हा ठरतो. मजकूर कागदावर खऱ्या आकारात काढून, दोघांनी वाचून, सही करून द्या. नावातली वेलांटी चुकली तर ती पोलादात चुकते.

प्रश्न : कंपनीनं काढलेली स्मारक आवृत्ती घ्यावी का? पुढे किंमत वाढेल ना?

हौस म्हणून घ्या. विंचेस्टरनं १९६६ मध्ये शताब्दीची रायफल काढली, ती लाखाच्या घरात विकली गेली. इतक्या जणांनी जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? शिवाय अशा नगाला भाव मिळतो तो मूळ खोका, कागद आणि एकही बार न झाडलेली स्थिती असेल तरच. रिव्हॉल्वरचं सिलिंडर नुसतं फिरवलं तरी त्याच्याभोवती बारीक रेघ उमटते आणि जाणकार ती पहिल्यांदा बघतो. ज्याला बंदूक चालवायची आहे त्याला अशी भेट म्हणजे शिक्षाच.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची झाली. तिची पहिली रायफल तिच्या आठवणीत राहावी अशी हवी आहे.

पॉइंट टू टूची (०.२२ इंची), एकेक काडतुसाची, हलकी बोल्ट रायफल. नाव आणि परवाना मोठ्यांचा, कपाटाची किल्लीही मोठ्यांकडेच. मोठ्या माणसाच्या रायफलीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेतेरा-चौदा इंच असतात; मुलीला ते झेपत नाही, मग ती पाठीमागे झुकून नेम धरते आणि ती सवय वर्षानुवर्षं जात नाही. कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवा. बोटाचं पहिलं पेर चापापर्यंत आरामात पोचलं पाहिजे. चांगला दस्ता कापू नका. लहान दस्ता आणि मध्ये घालायच्या चकत्या मिळतात, उंची वाढेल तशी एकेक चकती वाढवा.

घेण्याआधी तिचा कोणता डोळा प्रबळ आहे ते बघा. दोन्ही हातांच्या पंजांत छोटी खिडकी करून तिला लांबची वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघू द्या, मग एकेक डोळा मिटायला सांगा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते, तो प्रबळ. उजव्या हाताच्या मुलीचा डावा डोळा निघाला तर डाव्या बोल्टची रायफल बघावी लागेल. आणि सरावाला रिकाम्या चेंबरवर चाप ओढत बसू देऊ नका : या जातीत फायरिंग पिन (काडतूस पेटवायला त्यावर आपटणारी खीळ) काडतुसाच्या कडेवर बसते, काडतूस नसेल तर चेंबरच्या कडेवर आपटून खाच पाडते.

प्रश्न : पंचविसाव्या वाढदिवसाला मिळालेली रिव्हॉल्वर ओकच्या, मखमल लावलेल्या पेटीत कुलूपबंद होती. वर्षभरात एका बाजूला ठिपके पडले. असं का?

पेटीमुळेच. ओकच्या लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ निघत राहते, मखमल आणि तिच्याखालचा डिंक ओल धरून ठेवतात, आणि जी बाजू कापडाला टेकलेली तिथेच ठिपके येतात. बोटांचा घाम राहिला असेल तर ठसा जसाच्या तसा उमटतो. चामड्याच्या म्यानातही ठेवू नका, कमावण्याच्या क्षारांनी तेच होतं.

पेटी समारंभापुरती ठेवा. बंदूक तिजोरीत, ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत, आतमध्ये आर्द्रतामापक आणि सिलिका जेलची पुडी. पुडीतले नारिंगी दाणे ओल शोषून हिरवे झाले की सुमारे १२० अंश सेल्सिअसला वाळवून परत ठेवा. ठिपके पातळ तेल आणि सुती फडक्यानं हलक्या हातानं पुसा, वाळूचा कागद लावू नका. नंतर हातमोजे घालून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं रेनेसान्स मेण त्यासाठीच वापरतात. रिव्हॉल्वर निकेलची असेल तर तांबं काढणारं अमोनियाचं द्रावण दूर ठेवा. निकेलखाली बहुधा तांब्याचा थर असतो, द्रावण एखाद्या चिरेतून आत शिरलं की निकेलचा पापुद्रा सुटतो.

प्रश्न : भेट गुपित ठेवून ऐन वेळी हातात द्यायची आहे.

बंदूक भेट देता येते, परवाना भेट देता येत नाही. नावावर कशी होणार ते आधी ठरवा आणि त्या माणसाला ती खरंच घरात हवी आहे का, तेही विचारा. गंमत टिकवायची असेल तर समारंभात दुकानाचं पत्र किंवा छायाचित्र द्या. बंदूकच द्यायची तर मद्य सुरू होण्याआधी, चेंबर उघडं, दोघांनी डोळ्यांनी आणि बोटानं तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत.

प्रश्न : आजोबांच्या पिस्तुलाला हस्तिदंती मुठी आहेत. परदेशातल्या भावाला त्याच्या पन्नाशीनिमित्त पाठवायचं आहे.

१९८९ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय निर्णयानंतर आफ्रिकी हस्तिदंताचा देशादेशांमधला व्यापार बहुतांशी बंद आहे. जुन्या वस्तूंना काही सवलती आहेत, पण त्यासाठी वयाचा पुरावा आणि दोन्ही देशांची कागदपत्रं लागतात. ती हातात नसतील तर मुठी उतरवून घरी ठेवा, अक्रोडाच्या साध्या मुठी बसवा आणि पिस्तूल शस्त्राच्या रीतसर निर्यात-आयात परवान्यावर जाऊ द्या. मूळ मुठींचं छायाचित्र सोबत ठेवा.