विचारा, सांगते : एफवायची बायोलॉजी

जुलै उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी कलमांवरची कीड, तुळस का सुकली, असले प्रश्न. आणि पावसात मात्र नुकती कॉलेजात गेलेली पोरं नि त्यांचे आईबाप. रत्नागिरीत आयुष्यभर बॉटनी शिकवली, त्यामुळे उत्तर देणं भागच आहे. यावेळची पाच पत्रं घेते.

मॅडम, मी देवगड तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. नीटला मार्क कमी पडले म्हणून बीएस्सीला अ‍ॅडमिशन घेतली. रोज वीस-पंचवीस नवे इंग्रजी शब्द असतात. आर्थ्रोपोडा, इकायनोडर्माटा, प्लाझ्मोलिसिस. रात्री पाठ करते, सकाळी निम्मे उडालेले. तीन वर्षं हेच का?

अगं, आर्थ्रोपोडाला दहावीच्या पुस्तकात काय म्हणत होतीस? संधिपाद. सांधे असलेले पाय. ग्रीकमध्येही तेच आहे, आर्थ्रॉन म्हणजे सांधा आणि पुढचा तुकडा पायाचा. इकायनोडर्माटा म्हणजे तुझे कंटकचर्मी, मोलस्का म्हणजे मृदुकाय. पहिलीपासून इंग्रजीत शिकलेल्या तुझ्या शेजारणीला आर्थ्रोपोडा हा नुसता आवाज आहे. तुला त्याचा अर्थ दोन वर्षांपूर्वीच कळलेला आहे. वहीत प्रत्येक इंग्रजी शब्दाशेजारी मराठी शब्द लिही. मी नोकरीला लागले तेव्हा एक वरिष्ठ सर मुलांना 'मराठी शब्द आता विसरा' असं बजावायचे. मी मान डोलवायचे आणि माझ्या तासाला फळ्यावर दोन्ही लिहायचे.

पहिल्या वर्षी काय असतं म्हणशील, तर पेपरांची नावं आणि क्रम कॉलेजागणिक बदलतो, पण ऐवज तोच. बॉटनीत शेवाळ, बुरशी, नेचे यांपासून फुलझाडांपर्यंत. झूलॉजीत स्पंजपासून वर चढत जाणं. दोन्हीकडे पेशी आणि तिचे भाग, प्रथिनं-कर्बोदकांचं थोडं रसायन, मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम, पर्यावरण. नीटसाठी हे सगळं तू वरवर वाचलेलं आहेस. फरक एवढाच, की तिथे चारातला एक पर्याय निवडायचा होता, इथे ती गोष्ट टेबलावर येते.

प्लाझ्मोलिसिसचंच बघ. तुमच्या प्रॅक्टिकलला ऱ्हिओचं पान देतील. वरून हिरवं, खालून जांभळं, बागेत कडेला लावतात ते. खालची पातळ साल सोलून पाण्याच्या थेंबात ठेवलीस की सूक्ष्मदर्शकात जांभळ्या फरशा बसवल्यासारख्या पेशी दिसतात. आता वर ठेवलेल्या पातळ काचेच्या, म्हणजे कव्हर स्लिपच्या, एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोड आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लाव. डोळा काढू नकोस. थोड्याच वेळात जांभळा रंग भिंतीपासून सुटायला लागतो, आक्रसतो, आणि चौकटीत मधोमध जांभळी गाठोडी उरतात. पेशीभित्तिका जागच्या जागी, आतलं पाणी मात्र बाहेर. पुन्हा साधं पाणी सोडलंस तर गाठोडी फुगून भिंतीला टेकतात.

हेच तुझी आई एप्रिलमध्ये करते. कैरीच्या फोडींना मीठ चोळून झाकून ठेवते, सकाळी बरणीत खार सुटलेला असतो. मग प्रश्न असा, की त्या खारवलेल्या फोडी साध्या पाण्यात टाकल्या तर ऱ्हिओसारख्या पुन्हा कडक का होत नाहीत? पेशी जिवंत असेपर्यंतच तिचं पटल काय आत घ्यायचं नि काय बाहेर ठेवायचं ते ठरवतं. मेली की दार सताड उघडं. आणि त्याच्या पुढचा प्रश्न माझ्या आवडीचा. मीठ पाणी ओढून घेतं, तर खाडीतल्या खाऱ्या चिखलात तिवर उभी कशी राहते? तिची मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात, तिच्या पेशींतला रस खाडीच्या पाण्याहून घट्ट असतो, आणि जे मीठ आत शिरतंच ते ती पानांतून बाहेर टाकते. भाट्याच्या खाडीवर दर वर्षी मी मुलांना तिवरीच्या पानाची मागची बाजू चाटायला लावायचे. नाकं मुरडत चाटायचे, पण परीक्षेत त्या प्रश्नावर कुणाचे मार्क गेलेले मला आठवत नाहीत. प्लाझ्मोलिसिस शब्द पाठ करायचा तो हे सगळं बघून झाल्यावर. मग तो उडत नाही.

कांद्याच्या सालीची स्लाइड केली, सुंदर गोल पेशी दिसल्या, जर्नलमध्ये काढल्या. सरांनी पूर्ण आकृतीवर लाल काट मारली आणि काही न सांगता पुढे गेले. काय चुकलं? (रत्नागिरी)

गोल होत्या ना? जाड काळी कड, आत काहीच नाही? बाळा, तो हवेचा बुडबुडा.

लाजू नकोस. मी स्वतः एफवायला असताना पहिल्याच प्रॅक्टिकलला तीन बुडबुडे काढले होते. एकाच्या आत खिडकीचं प्रतिबिंब दिसत होतं, त्याला बाण करून मी 'केंद्रक' असं नाव दिलं. मॅडमनी ती आकृती वर्गाला दाखवली होती. बुडबुडा कसा ओळखायचा हे त्या दिवसापासून मला कधी विसरायला झालं नाही. फोकसचा बारीक स्क्रू फिरवला की त्याची काळी कड जाड-बारीक होते. कव्हर स्लिपवर सुईने हलकं टोचलं की स्वारी घसरते. कांद्याच्या पेशी विटांच्या बांधकामासारख्या, लांबट, एकीला एक खेटून. त्या एकट्या-दुकट्या भटकत नाहीत.

बुडबुडा येतो तो कव्हर स्लिप वरून आडवी टाकल्यामुळे. तिची एक कड थेंबाला टेकव, दुसरी सुईवर तोल आणि हळूहळू खाली ने. आयोडीनचा एक थेंब दे, केंद्रक पिवळट तपकिरी होऊन उठून दिसेल. आधी दहाच्या ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे स्लाइडजवळच्या भिंगावर, बघ. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंगही, दहाचा असेल तर शंभर पट झालं. मग चाळीसवर जा, चारशे पट. चाळीसवर मोठा स्क्रू फिरवायचा नाही, काच फुटते नि दंड भरावा लागतो. आणि सगळंच धुरकट दिसत असेल तर दोष तुझा नसेलही. आपल्याकडच्या पावसात लेन्सवर बुरशी धरते. आम्ही सूक्ष्मदर्शकाच्या कपाटात जून ते सप्टेंबर एक बल्ब जळता ठेवायचो.

लाल काट मारून पुढे जाणं मात्र मला पटलेलं नाही. पुढच्या वेळी स्लाइड फोकसमध्येच ठेव, सरांना बोलाव आणि 'सर, ही पेशी आहे का?' असं विचार.

आमच्या घरी मांस-मच्छी नाही. मुलीला झूलॉजी घ्यायचंय, पण बेडूक कापावा लागेल म्हणून आजी घेऊ देत नाही. (राजापूर)

आजींना सांगा, बेडूक वाचला. 2014 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातली विच्छेदनं थांबवायला सांगितली. आता तक्ते, मॉडेल आणि संगणकावरच्या आकृत्या असतात. बरण्यांत जपलेले जुने नमुने मात्र असतील, आणि फॉर्मॅलिनच्या वासाला इलाज नाही.

गणित नको म्हणून बायो घेतलं. आता जेनेटिक्सला काय-स्क्वेअर आलंय. फसवणूक वाटते. (कुडाळ)

ही फसवणूक 1866 पासून चालू आहे. त्या वर्षी मेंडेलचा निबंध छापला गेला, आणि त्यातला खरा चमत्कार वाटाणे मोजण्याचा आहे. एका संकरातून त्याला 556 दाणे मिळाले : 315 गोल पिवळे, 108 गोल हिरवे, 101 सुरकुतलेले पिवळे, 32 सुरकुतलेले हिरवे. मेंडेलच्या नियमातून येणाऱ्या 9:3:3:1 या गुणोत्तराने हिशेब केलास तर अनुक्रमे 312.75, 104.25, 104.25 आणि 34.75 यायला हवे होते. आता पाऊण वाटाणा काही निसर्गात नसतो. मग हा थोडा फरक नुसत्या योगायोगाचा मानायचा, की नियमच चुकला म्हणायचं? काय-स्क्वेअर एवढंच विचारतं. प्रत्येक जोडीतला फरक काढ, त्याचा वर्ग कर, अपेक्षित आकड्याने भाग, चारही बेरजेला घाल. 0.47 येईल. काय-स्क्वेअरच्या तक्त्यातला तीनच्या रांगेचा (गट चार, त्यातून एक वजा) आकडा 7.815 आहे, त्याच्या कितीतरी आत, म्हणजे नियम टिकला. वजाबाकी, वर्ग, भागाकार, बेरीज. आठवीच्या पुढचं त्यात काही नाही. कॅल्क्युलेटर चालतो.

मॅडम, आमचा मासेमारीचा धंदा, हर्णैला. मुलगा घरात पहिलाच कॉलेजात गेला. रात्र रात्र पेन्सिलने खेकड्याची चित्रं काढतो, पुसतो, परत काढतो. हे शास्त्र आहे की चित्रकलेचा क्लास? फी भरलीय म्हणून विचारतो.

तुमचा प्रश्न रास्त आहे. उत्तर तुमच्याच हातात आहे, आणि ते मी लाक्षणिक अर्थाने म्हणत नाही. चिंबोरी हातात आली की तुम्ही ती उलटी करता आणि बघितल्याबरोबर नर की मादी ते सांगता. पोटाखाली दुमडलेला पट्टा अरुंद, निमुळता असला तर नर. रुंद, पसरट असला तर मादी. मादीचा रुंद का? कारण अंडी ती त्या पट्ट्याखाली धरून वागवते. हे तुम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. हजारो चिंबोऱ्या हातातून गेल्या, तेव्हा डोळा तयार झाला.

मुलाकडे हजारो चिंबोऱ्यांइतका वेळ नाही. म्हणून पेन्सिल. पाय किती, नांगीचे सांधे किती, पट्ट्याला वळ्या किती, हे कागदावर उतरवायचं म्हटलं की मोजावंच लागतं. नुसतं बघून 'कळलं' म्हणता येत नाही. छायाप्रकाश, रंग, सजावट कुणी मागत नाही. एकेरी रेघ, टोकदार एचबी पेन्सिल, उजवीकडे नावं. त्याची आकृती सुंदर नसली तरी चालेल, पायांची संख्या बरोबर हवी.

धंद्याचंही बोलते, कारण तुमच्या मनात तेच असणार. बीएस्सी झूलॉजी आणि रत्नागिरीतल्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाची पदवी या दोन वेगळ्या वाटा आहेत. दुसरी थेट मत्स्यशास्त्राची. त्याला समुद्रातच रस असेल तर ती चौकशी वेळेत करा.

तोवर एक काम करा. पुढच्या खेपेला दोन चिंबोऱ्या, एक नर आणि एक मादी, त्याच्या टेबलावर उताण्या ठेवा. नांग्या सुतळीने बांधून, नाहीतर जर्नल फाटेल. मादीच्या पोटाखाली अंडी असतील तर त्याचं चित्र होईपर्यंत तिला ओल्या गोणपाटात ठेवा, आणि मग पाण्यात सोडून द्या.