अमेरिकेतल्या कॉलेजच्या अ कापेला (वाद्यांशिवाय गाणाऱ्या) ग्रुपची ऑडिशन द्यायची आहे, शास्त्रीय शिकले आहे. तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये पदवीसाठी अमेरिकेला निघताय, शास्त्रीय गायनाची मध्यमा परीक्षा पूर्ण झालीय, स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येत नाही, आणि ऑडिशनला बंदिश चालेल का. मीही एवढीच शिदोरी घेऊन गेले होते. पहिल्या वर्षी एका ग्रुपने नाही म्हटलं, दुसऱ्याने घेतलं, आणि पुढची तीन वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसून दर सप्टेंबरला नव्या मुलामुलींना ऐकलं. त्यावरून सांगते, तिथे गळ्यापेक्षा कान जास्त तपासतात.

ग्रुपमध्ये बारा-पंधरा जण असतात आणि वाद्य एकही नसतं. एका गाण्यात पुढे येऊन गायला एकालाच मिळतं. बाकीचे 'डूम', 'ऊ', 'जेन' असे आपापले स्वर धरून उभे असतात आणि एकजण तोंडाने ड्रमचा ठेका देतो. म्हणून शेजारचा वेगळं गात असताना तुम्ही आपल्या स्वरावर टिकता का, हे त्यांना बघायचं असतं. आपण लहानपणापासून एकट्याने, पेटी-तबल्याच्या साथीला, गाणं पुढे नेत गायलेलो असतो, त्यामुळे हेच आपल्याला नवीन असतं.

पहिली फेरी पाच-दहा मिनिटांची. पियानोवर पाच स्वर वर-खाली वाजवतात, दर वेळी अर्धा स्वर सरकवत, आणि तुमचा पल्ला बघतात. इथे घाबरू नका. माझा सा पेटीच्या काळी चार पट्टीचा, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या पंचमापर्यंत रोजचा रियाज. मी खाली खाली जात राहिले तशी तिघांनी वह्यांमधून माना वर केल्या. मला आल्टोतला (बायकांच्या खालच्या आवाजांतला) सगळ्यात खालचा भाग मिळाला तो त्यामुळेच.

मग गाणं. एक कडवं आणि ध्रुवपद, साथीशिवाय. इंग्रजीच हवं का, ते आधी ईमेलने विचारून घ्या. दक्षिण आशियाई ग्रुप असेल तर हिंदी गाणं चालतंच, बरेचदा तेच हवं असतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला पेन मसाला १९९६ पासून हिंदी आणि इंग्रजी गाणी एकमेकांत गुंफून गातोय, आणि आता असे ग्रुप बऱ्याच विद्यापीठांत आहेत. गाणं कुठलंही घ्या, पण स्वरावर सरळ या. माझं पहिलं 'नाही' इथेच झालं. मी प्रत्येक स्वराला मींड घेऊन, म्हणजे आधीच्या स्वरावरून घसरत, जात होते आणि जागा (छोट्या हरकती) घ्यायचा मोह आवरत नव्हता. गुरुजींसमोर ज्याचं कौतुक व्हायचं त्याच गोष्टीमुळे मी इतरांत मिसळणार नाही असं त्यांना वाटलं, हे त्यांच्यातल्याच एकीने नंतर सांगितलं. तेव्हा फार लागलं होतं. आज मला तो निर्णय कळतो.

घरी एक करून बघा. मोबाइलवरचा तानपुरा लावा, सा घ्या, तानपुरा बंद करा, गाणं पूर्ण गा आणि शेवटच्या स्वरावर थांबून तानपुरा परत लावा. खाली उतरला असाल तर लगेच कळेल. हे महिनाभर रोज केलंत तर निम्मी तयारी झाली.

त्यानंतर कानाची परीक्षा. पियानोवर चार-पाच स्वर वाजवतात, तुम्ही ते जसेच्या तसे गायचे. मनातल्या मनात सरगम लावली की हे आपल्याला सोपं जातं. गडबड होते ती कोमल-शुद्ध लागोपाठ आले की, कारण रागात तशी सवय नसते. ललितातले दोन्ही मध्यम घोटले असतील तर त्याच पद्धतीने दोन्ही रिषभ, दोन्ही गंधार, दोन्ही धैवत घोटा. काही ठिकाणी तीन पट्ट्या एकदम दाबून मधला स्वर गायला सांगतात. पेटीवर सा-ग-प एकत्र धरून नुसता ग गात बसा.

या गंधारावरून आठवलं. पियानोचा शुद्ध गंधार आपल्या तानपुऱ्याच्या खर्जातून (सगळ्यात खालच्या तारेतून) ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). चांगला ग्रुप वाद्याशिवाय गाताना तो चढेपणा काढून टाकतो. कॉलबॅकला, म्हणजे निवडलेल्यांना परत बोलावतात त्या फेरीत, आम्हा चौघांना एक छोटा तुकडा शिकवून एकत्र गायला लावलं. माझ्याकडे नेमका गंधार होता. आधी मी पियानोने दिला तसा धरला. मग तानपुऱ्यातला आठवून किंचित खाली आणला आणि आवाज असा जुळला की खोलीत कुणी पाचवा गातोय असं वाटलं. शेजारच्या टेनरने (पुरुषांतल्या वरच्या आवाजाच्या गायकाने) वळून माझ्याकडे बघितलं. असा कान तुमच्याकडे आत्ताच असणार. त्याला जपा.

नोटेशनची काळजी सोडा. थोडं वाचायला सांगितलंच तर येत नाही असं सरळ सांगा, कानाने लगेच उचलते हेही सांगा. मी पहिलं सत्र कागदावर प्रत्येक स्वराखाली देवनागरीत सा रे ग लिहून काढलं. पुढे वाचायला आपोआप जमलं. मात्र हो म्हणण्याआधी तालमी किती ते विचारा. आमच्याकडे आठवड्याला सहा तास होते, कार्यक्रम जवळ आला की जास्त.

आता बंदिश. पहिल्या फेरीत नको, पण तयार ठेवा. माझ्या कॉलबॅकच्या शेवटी कुणीतरी म्हणालं, तू जे शिकलीस ते ऐकव. मी भूपातल्या छोट्या ख्यालाची स्थायी धरली. दुसऱ्या आवर्तनाला दोघा बेसवाल्यांनी (सगळ्यात खालच्या आवाजाच्या गायकांनी) काही न विचारता खालून सा आणि प धरले, आणि माझा अंतरा होईपर्यंत सोडले नाहीत.